जहाजावरचं मीठ

२ एप्रिल, यवतमाळ

दुपारी बळीराम राठोड आला. पांढरकवड्याहून, मोटारसायकलवर, डोक्याला ओला दुपट्टा. एक तांब्या पाणी प्याला, दुसरा प्याला, आणि म्हणाला, ''पंडत, समुद्रावर येतं का?''

मला वाटलं, ऊन लागलं.

ऊन नाही, कंपनीची सहल. मागच्या हंगामात ज्या कृषी केंद्रांनी बियाण्यांची पाकिटं ठरल्यापेक्षा जास्त विकली, त्या दुकानदारांना कंपनी युरोपात नेते आहे. बोटीवर. बोट म्हणजे तरंगतं हॉटेल, रोज नवं गाव, जेवण चोवीस तास चालू. जोडीनं जायचं. कमलावहिनी म्हणे, ''मी उनकेश्वरच्या कुंडात पाय घालाले भेतो, समुद्रात कायले मरू?'' म्हणून दुसरं तिकीट माझ्या नावावर.

माझ्याच का? पुसदला पोरवयात एकत्र होतो, तेव्हापासूनची ओळख, ते खरं. त्याच्या दुकानात मुनीम आहे, घरात साळा आहे.

मंदा स्वैपाकघरातून म्हणाली, ''आपल्याकडे फुकटात बोरंसुद्धा कोणी देत नाही.'' बायको बरोबर बोलली की जास्त राग येतो.

३ एप्रिल

रात्रभर पंखा आणि डोकं दोन्ही गरगर. एकदा नीट मांडून पाहतो.

गेल्या हंगामात बुडालेलं कापसाचं वाण याच कंपनीचं. बळीरामच्या दुकानातून त्याच्याच तांड्यानं, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीनं, घेतलं. बोंडं उमललीच नाहीत. फोडली की आत गुलाबी अळी, आणि पिवळी पडलेली, चिकटलेली कवडी, म्हणजे वाया गेलेला कापूस. गेल्या मे महिन्यात कंपनीचा रिजनल मॅनेजर (सगळे आरेम म्हणतात, मीही म्हणतो) बळीरामच्या दुकानाच्या ओट्यावर उभा राहून अख्ख्या तांड्यासमोर बोलला होता: या वाणाला बोंडअळी शिवणार नाही, शिवली तर कंपनी भरून देईल. आता कंपनी म्हणते, आम्ही असं बोललोच नाही. तांडा म्हणतो, बोलले. पण तांड्याचं म्हणणं म्हणजे तक्रारदाराचं म्हणणं. ओट्यावर आरेमखेरीज कंपनीचा म्हणावा असा एकच माणूस होता. बळीराम. २३ तारखेला, सोमवारी, तालुक्याच्या समितीपुढे त्याचा जबाब. तो काय सांगतो त्यावर तांड्याची भरपाई.

आणि २३च्या आधी कंपनी त्याला समुद्रात नेते. आणि तो मला नेतो, म्हणजे पेपरात ही बातमी ज्याच्या हातात आहे त्या बातमीदाराला.

पुसदच्या संस्कृत पाठशाळेत तर्कशास्त्राचा पहिला धडा हाच होता. डोंगरावर धूर दिसतो, अर्थात डोंगरावर अग्नी आहे.

जायचं. धूर जवळून पाहावा. शिवाय समुद्र मी फक्त मुंबईचा पाहिला आहे, आणि तो कोणी धरत नाही.

१० एप्रिल, नागपूर विमानतळ

पुसद, वणी, दारव्हा, आर्णी, सगळ्या बाजारपेठा एका रांगेत उभ्या. सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी. बळीरामनं घेतली, हातात धरली, घातली नाही. ''डोक्शाले लहान होते.'' त्याचं डोकं माझ्याएवढंच आहे. मला बसली.

आरेम भेटला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत मराठी. माझा धंदा कळल्यावर हात सोडेचना. ''पत्रकार! फार छान केलंत, बळीरामजी.'' बळीराम बुटांकडे पाहत होता. या 'फार छान'चा अन्वय लावत मी अर्धं आकाश ओलांडलं. कर्ता कोण ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

बळीरामची बॅग उचलायला गेलो, हलेना.

''काय भरलंय रे?''

''कपडे.''

कपडे खडखड वाजत होते.

१२ एप्रिल, बार्सिलोना, बोटीवर

बोट म्हणजे यवतमाळचा अख्खा दत्त चौक एकावर एक रचून पाण्यात ठेवलेला. फक्त हातगाड्या नाहीत.

समुद्रोल्लंघन केलं की प्रायश्चित्त, असं आमच्या शास्त्रात आहे. ते कोणतं हे पाहायचं राहून गेलं. जेवण पाहून विसरलोच. इकडून तिकडे नुसते पदार्थ, आणि आपल्या हातानं घ्यायचं. परान्नाविषयी पाठशाळेत पुष्कळ शिकवलं, त्यात चीजबद्दल काही नव्हतं. तीनदा गेलो.

बळीराम जेवायला आला नाही. पोट बरं नाही म्हणे.

केबिनमध्ये दोन खाटा. संध्याकाळी कोणी तरी येऊन दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवून जातं, सोनेरी कागदातलं. बळीरामनं त्याचं दोन बोटांनी, विंचू सरकवावा तसं, माझ्याकडे सरकवलं. ''तू खाऊन घे.'' दोन्ही खाल्ली.

१३ एप्रिल

मार्सेय नावाचं बंदर. उतरलो, फिरलो, पाय दुखले. असो.

पोट आजही बरं नाही म्हणतो. चेहरा मात्र टवटवीत, चाल खणखणीत. जेवणातून मुद्दाम लवकर उठून केबिनमध्ये आलो. दार उघडताच लसणाचा वास. हा माझ्याकडे पाठ करून काही तरी चावतोय.

''काय खातो रे?''

''औषध.''

लसणाचं औषध, आणि करकर वाजणारं.

आरेम माझ्याच टेबलावर येऊन बसतो हल्ली. ''बळीरामजी दिसत नाहीत? कुठे असतात? कोणाला फोन वगैरे करतात का?'' मी म्हटलं, पोट. त्याला पोट पटलेलं दिसलं नाही. मग म्हणे, रविवारच्या पुरवणीत बोटीवर छान लेख लिहा ना पंडितजी, शैली आहे तुमच्याकडे. शैली आहे हे तीस वर्षांत संपादकानं एकदाही सांगितलं नव्हतं. ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

एकूण असं आहे. आरेमचा बळीरामवर संशय. माझा दोघांवर. आणि बळीराम माझ्या ताटाकडे टक लावून पाहतो, तो कशासाठी?

१४ एप्रिल, समुद्रात

आज जयंती. गावात मिरवणूक, निळे झेंडे, डीजे. इथे चारही बाजूंनी नुसतंच निळं.

वणीचे मेश्राम, तेही बियाणंवाले, यांनी केबिनमध्ये मोबाईलवर फोटो लावला, टेबलावर ठेवला, वंदना म्हटली. आम्हाला बोलावलं होतं. बळीराम अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून गेला, हात जोडून सगळा वेळ उभा. मग मेश्रामांनी केक वाटला. बळीराम म्हणे, ''नाही भाऊ, राग नका मानू.'' मेश्राम म्हणाले, ''अरे जयंतीचा आहे!'' बळीराम म्हणाला, ''केक कोठचा हाय? बोटीच्या किचनचा ना?'' मेश्राम दुखावले. जयंतीचा केक नाकारायला काय कारण असू शकतं? मी दोघांच्या मध्ये उभा राहून दोन तुकडे खाल्ले, तेवढाच सलोखा.

बाहेर येऊन विचारलं, कसला उपास आहे तुझा? म्हणाला, ''उद्या सांगतो. जमिनीवर.''

बोटीवर न सांगता येण्यासारखं काय असेल?

१५ एप्रिल, नेपल्स

सकाळपासूनचं सगळं आता एकदम लिहितो.

कंपनीच्या एसी बसगाड्या धक्क्यावर उभ्या होत्या. ज्वालामुखी, जुनं गाडलेलं शहर, गाईड, जेवण सगळं त्यात. बळीराम म्हणाला, आपण लोकलनं जाऊ. आरेम शिडीपाशीच होता. ''का हो? जेवण बसमध्येच आहे.'' बळीराम म्हणाला, ''मले बस लागते, साहेब.''

उभं आयुष्य एसटीत काढलेला माणूस. पांढरकवडा-यवतमाळ मागच्या सीटवर बसून जेवतो. आरेम आम्ही फाटकाबाहेर जाईस्तोवर पाहत होता. मीही वळून वळून त्याच्याकडे पाहत होतो.

स्टेशन पायी गाठलं. दिसेल त्याला ''पॉम्पेई?'' विचारत. गाडीवर बाहेरून आतून रंगांनी लिहिलेलं, आपल्या एसटीच्या पाठीवर 'संजू लव्ह' असतं तसंच, फक्त मोठं. कंडक्टर नाही! तिकीट आपणच यंत्रात घालून ठप्पा मारायचा. बळीरामला ते सहनच होईना. ''कोणी पाह्यतच नाही तं काढाचं काहून?'' प्रत्येक स्टेशनला तिकीट हातात धरून उठायचा, कोणी तरी येईल म्हणून. बॅग छातीशी, चार दिवसांत बरीच हलकी झालेली. सगळे आमच्याकडे पाहत होते, आणि आम्ही सगळ्यांकडे, पाकीटमार कोण या हिशेबानं.

समोर एक म्हातारी, मांडीवर पिशवी. तिनं संत्रं सोललं, आणि सहज एक फोड बळीरामपुढे धरली. यानं घेतली. खाल्ली! ''आंबट हाय,'' असं तिला वऱ्हाडीत सांगितलं, ती तिच्या भाषेत हसली.

माझे कान टवकारले. तीन दिवस कंपनीच्या चोवीस तासांच्या जेवणाला न चालणारं पोट अनोळखी बाईच्या फोडीला चालतं?

पॉम्पेईला उतरून डोंगराची बस धरली. हो, बस. लागली नाही त्याला. रस्ता चिखलदऱ्यासारखा वळणावळणाचा, ड्रायव्हर आपल्याकडचाच असावा असा. वरून पुढे पायवाट, काळी-तांबडी भरड रेती, पाय टाकला की घसरतो. धापा टाकत काठावर पोचलो. व्हेसुव्हियस.

आत भला मोठा खड्डा. एका कडेला दगडांतून जराशी वाफ. बस.

बळीराम बराच वेळ वाकून पाहत होता. ''एवढंच? माह्या चुलीले याच्याहून धूर असते.''

मी म्हटलं, आमच्या पोथ्यांत समुद्राखाली जळणारा वडवानल आहे, तोच हा, इथे जरा वर आलाय. म्हणाला, ''पोथीत लय असते तुमच्या.'' मग खाली बसला, रेती बाजूला सारून आतली माती चिमटीत धरली, चोळली, वास घेतला. ''पंडत, हे आपलीच माती व्हय.'' बरोबर होतं. आपली काळी जमीनसुद्धा असल्याच लाव्ह्याची, वर्गात शिकवतात. पण यानं वासावरून सांगितलं आणि म्हणाला, ''कापूस येईन इथं. अळी बी येईन.''

धूर थोडा, आणि अग्नी तर अख्खं शहर गाडून बसलेला. म्हणजे धुराच्या आकारावरून काही ठरत नाही. गुरुजींना सांगायला हवं होतं. ते आता नाहीत.

खाली आलो, गाडलेलं शहर पाहिलं. रस्ते, ओटे, दुकानं. एका बेकरीत दगडी जाती उभी, शेजारी भट्टी. गाईड दुसऱ्यांचा होता, आम्ही मागे उभे राहून फुकट ऐकलं: भट्टीत पाव तसेच राहिले होते, लोक तसेच राहिले होते. आधी धरणीकंप झाले होते, म्हणे, पण लोक थांबून राहिले.

बळीराम एका खाणावळीच्या ओट्यापाशी थांबला. ओट्यात गोल भोकं, त्यात रांजण. हात फिरवत म्हणाला, ''यायले कोणीच सांगतलं नसन का, पळा म्हणून?''

''सांगितलं असेल.''

''मंग एखादा असा बी असन, ज्यानं सांगतलं असन का काही होत नाही, झालं तं मी भरून देतो.''

मग सावलीत एका दगडावर बसून त्यानं बॅग उघडली. त्यात वाळलेल्या बाट्या, म्हणजे त्यांच्याकडच्या जाड भाकरी. धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड. लसणाची चटणी. फुटाणे, गूळ. कपडे कमीच. मी पाहतच राहिलो. आणि विचारून टाकलं, ''बळीराम, खरं सांग. तुला विकत घेतलंय का त्यांनी? आणि तुझ्यामार्फत मला?''

तो चावत राहिला. ''इकल्या गेलो असतो तं हे वाळके धापोडे काहून चावत बसलो असतो बे? वर बोटीवर कोंबडी हाय.''

मग सगळं सांगितलं. तांड्यात भांडण झालं की नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, सगळ्यांना बसवतो, त्या बैठकीला नसाब म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या तांड्याचा एक नियम ठाऊक नव्हता: ज्याच्याशी वाद आहे त्याचं मीठ खाल्लं, तर त्या वादात तुझं तोंड बंद. सहलीचं कळलं तेव्हा अर्धा तांडा म्हणाला, बळ्या गेला कामातून. याडी, म्हणजे त्याची आई, म्हणाली, जाऊ द्या त्याले, पण बाबू, त्यायच्या ताटात जेवू नको.

''मग आलासच कशाला?''

''नाही म्हटलं असतं तं त्यायले समजलं असतं मी काय बोलणार हाओ ते. सुनावणीच्या आंधीच माहं दुकान बंद पाडलं असतं.'' मग डोंगराकडे बोट केलं. ''अन् हे पाहाचं होतं. सातवीच्या भूगोलात चित्र होतं याचं.''

दुसरं कारण पहिल्यापेक्षा खरं वाटलं.

''आणि मी?''

''तू साक्षीदार. नायक इचारन, खाल्लं का नाही? माह्या एकट्याचं कोण आयकन? तांड्याबाहेरचा पाहिजे. ज्यानं सोता बी खाल्लं नाही, असा.''

मी धापोड्याला हात घालत होतो, तो तिथेच राहिला.

''मले वाटलं,'' बळीराम म्हणाला, ''तू तं खातच नाही कोणाचं. पुसदले होतो तवा तू सोताचा भात सोता शिजवे. पंगतीले बोलावलं तं म्हणे, परान्न वर्ज्य. माही बाटी बी नाही खाल्ली तू कधी. मले वाटलं, याच्याहून पक्का माणूस कोठं भेटन?''

नियम गुरुजींचा होता. पाठशाळा सुटली, नियम सुटला. नंतर तीस वर्षं बातमीदारी. पत्रकार परिषदेच्या समोशाला परान्न म्हटलं असतं तर केव्हाच मेलो असतो. पण हे त्याला कधी कोणी सांगितलंच नाही. आणि तो मनात पुसदचा पोरगा धरून मला घेऊन समुद्रावर आला.

''पहिल्याच दिवशी अडवायचं होतंस!''

''अडवलं असतं तं माह्या सांगण्यावरून उपाशी राह्यला असता. असा साक्षीदार चालत नाही, सोताहून पाहिजे. मी वाट पाहून राह्यलो होतो का आज सोडीन, उद्या सोडीन.'' मग म्हणाला, ''तू तं पयल्याच दिवशी तीनदा गेलता, बयताडा!''

दोघांनाही हसू फुटलं. त्या मेलेल्या शहरात लोक वळून पाहायला लागले.

त्याची बाटी खाल्ली. दगडासारखी होती. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, चटणीनंच.

परतीची गाडी मध्येच शेतात थांबली, लिंबांच्या बागेशेजारी. कोणी काही सांगेना. बोट सुटायची वेळ जवळ येत होती. बळीराम म्हणाला, ''राह्यलो तं इथंच कापूस लावू.'' गाडी शेवटी हलली. स्टेशनापासून धक्क्यापर्यंत पळालो, या वयात, ती बॅग घेऊन. आरेम शिडीवरच उभा.

''कुठे होतात? कोणाला भेटलात?''

बळीराम म्हणाला, ''एक म्हातारी भेटली, साहेब. संत्रं देल्लं.''

आरेमनं माझ्याकडे पाहिलं, खरं काय ते मी सांगेन या आशेनं. मी खरंच सांगितलं: ''आंबट होतं.''

संध्याकाळी जेवलो नाही. साक्षीदार व्हायला उशीर झाला होता हे कळत होतं. अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर आरेम आमच्या केबिनमध्ये, बळीरामच्या खाटेवर बसलेला. मला पाहून उठला. ''चला, विश्रांती घ्या.'' काय बोलला विचारलं. बळीराम म्हणे, ''काही नाही. याडीची तब्येत इचारत होता.''

याला आई आहे हे आरेमला कोणी सांगितलं?

१६ एप्रिल, रोमजवळ, उतरताना

सामान आवरताना लक्षात आलं. काल दोन चॉकलेटं होती. माझं मी खाल्लं नाही, उशीवरच आहे. बळीरामच्या उशीवर काही नाही. खाटेखाली पाहिलं, नाही. त्यानं सरकवलं असेल आणि मी नेहमीसारखं खाल्लं असेल का? आठवत नाही. हातांना सवय झालेली.

उतरताना कंपनीनं प्रत्येकाला भेटीचा खोका दिला. बळीरामनं सगळ्यांदेखत परत ठेवला. मीही ठेवला. आरेम हसत होता.

१८ एप्रिल, यवतमाळ

घर. ऊन जाताना होतं तिथेच, फक्त वाढलेलं. मंदा म्हणाली, वाळलात का फुगलात ते कळत नाही. सगळं सांगितलं. चॉकलेटचंही. म्हणाली, ''तुम्हीच खाल्लं असेल.'' बरं वाटलं. नवऱ्यावर असा विश्वास पाहिजे.

२० एप्रिल, तांडा

नसाब बसला. कडुलिंबाखाली पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. शेतांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या, जाळायच्या. नायक म्हातारा, आवाज बारीक, पण तो बोलला की बाकीचे गप्प.

बळीरामला विचारलं. तो म्हणाला, खाल्लं नाही.

मग मी. ''पंडतजी, तुमी होते संगं. यानं खाल्लं?''

''नाही.''

''तुमी खाल्लं?''

''खाल्लं.''

मागून एक जण म्हणाला, ''इचारता काय नायक, पोट पाहा ना त्यायचं!'' बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

नायक हसला नाही. ''मंग तुमची साक्ष धरू कशी?''

वादाला मी शिकलेला माणूस. म्हटलं, ''रोज त्याच्या वाट्याचं मी खाल्लं. म्हणून तर छातीठोक सांगतो, त्यानं नाही खाल्लं. त्यानं खाल्लं असतं तर मला कमी पडलं असतं.''

म्हातारे आपसांत त्यांच्या गोरबोलीत बोलले. बराच वेळ. बळीराम काडीनं जमिनीवर रेघा मारत होता, अगदी डोंगराच्या खड्ड्यासारख्या गोल. शेवटी नायक म्हणाला, ''जो सोताच्या इरोधात बोलते, तो दुसऱ्यासाठी खोटं कायले बोलन? धरली साक्ष. बळीराम सोमवारी बोलन.'' मग माझ्याकडे वळून, ''अन् पेपरात लिवाचं का नाही, ते तुमचं तुमी पाहा. मीठ तुमच्या पोटात हाय.''

लोक उठले. कमलावहिनी डोळे पुसत होत्या.

याडीनं मला घरात बोलावलं, बाटी वाढली, ताजी. स्वतः शेजारी बसली, आरशांची भिंगं टाचलेली जुनी ओढणी डोक्यावर. खाता खाता दिसलं. भिंगांच्या रांगेत एक भिंग नाही, सोनेरी कागद आहे. नखानं घासून गुळगुळीत केलेला, चारही कडांनी टाके घातलेले.

माझा घास थांबला. तिनं ते पाहिलं. कागदावरून अंगठा फिरवला.

''गोड होतं,'' याडी म्हणाली. ''मीठ नव्हतं त्यात.''

२१ एप्रिल

झोप नाही. मी सांगितलं, बळीरामनं खाल्लं नाही. ते खरं आहे. त्यानं खाल्लं नाही, आईसाठी नेलं, म्हातारीला दात नाहीत, चॉकलेट विरघळतं. यात काय आहे? पण ते त्यानं उशीवरून उचललं, की आरेमनं हातात दिलं? उशीवरचं असेल तर लेकराची माया. हातात दिलेलं असेल तर? नायकाला सांगावं का? सांगितलं तर सोमवारी बळीरामचं तोंड बंद, आणि तांड्याचंही.

मंदाला विचारलं. म्हणाली, ''म्हातारीनं जे ठरवलं, ते तुम्ही कोण बदलणार?'' मग थोड्या वेळानं, ''पण बळीरामभाऊंना विचारा मात्र.''

२२ एप्रिल

सकाळी आरेमचा फोन. गोड. लेखाचं काय झालं? उद्या सुनावणीनंतर सगळ्यांसाठी जेवण ठेवलंय, तुम्ही या हं. आणि ठेवता ठेवता, ''बळीरामजींच्या आईंना चॉकलेट आवडलं म्हणे.''

कोण म्हणे?

बळीरामला तीनदा फोन केला. उचलला नाही. तांड्यात रेंज नसते. नसते नेहमीच.

२३ एप्रिल, पांढरकवडा

पहाटे मंदानं विचारलं, डबा देऊ की तिथे जेवणार? म्हटलं, दे.

पहिल्या एसटीनं आलो. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं तेव्हा किती बरं वाटलं. बळीराम कचेरीच्या पायऱ्यांवर होता, पांढरा शर्ट, जयंतीला घातला होता तोच. तांड्याचे लोक झाडाखाली, प्रत्येकाजवळ आपापली भाकरी बांधलेली. नायक आहे. याडी आली आहे, ओढणी तीच.

त्याला बाजूला घेतलं. ''बळीराम, आरेम त्या दिवशी केबिनमध्ये काय बोलला?''

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुसदच्या त्या पोराकडे पाहावं तसं. ''आंधी जबाब देऊ दे. मंग सांगतो.''

''चॉकलेट त्यानं दिलं का?''

''पंडत, मंग सांगतो म्हटलं ना.''

पुकारा झाला. तो आत गेला. पाठोपाठ आरेम, हातात फाईल. माझ्याकडे पाहून मान डोलावली.

बातमीदारांना आत सोडत नाहीत. बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. समोर कंपनीच्या जेवणाची गाडी आली, मोठी भांडी उतरवून मांडली आहेत, झाकणांच्या फटीतून वाफ येते. तांड्यातलं कोणी तिकडे पाहत नाही. मांडीवर मंदाचा डबा, अजून उघडला नाही.

दार बंद आहे. याडी माझ्याकडे पाहते आहे. आतून अजून आवाज नाही.